गोड्या पाण्यातील माशांचे पोषणमूल्य : नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्राची मासळी नाशिकला कसारा घाट चढून येते आणि तिचा दरही चढूनच येतो. त्यामुळे इथल्या पुष्कळ घरांत रोजच्या जेवणातला मासा म्हणजे धरणाचा किंवा तळ्याचा मासाच असतो. तरीही त्याच्याकडे ‘दुय्यम मासा’ म्हणून पाहण्याची सवय काही जात नाही. पुढील प्रश्न आहाराविषयी सल्ला घेणाऱ्यांकडून, मासळी घेताना भेटणाऱ्यांकडून आणि नातेवाइकांकडून पुन्हा पुन्हा आलेले आहेत. ज्या प्रश्नाला जेवढे उत्तर हवे तेवढेच दिले आहे.

गोड्या पाण्यातील मासे म्हणजे कोणते, आणि नाशिकमध्ये त्यांपैकी कोणते मिळतात?

नदी, धरण, तलाव आणि शेततळे यांत वाढणारे ते गोड्या पाण्यातील मासे. आपल्या बाजारात सर्वाधिक दिसतात ते रोहू, कटला आणि मृगळ. त्यांच्या जोडीला सायप्रिनस, गवत्या, चंदेरा, चिलापी आणि पंगस असतात. मरळ, वाम आणि शिवडा कमी येतात आणि महाग पडतात. गंगापूर, दारणा, मुकणे, गिरणा अशा धरणांतून येणारा माल वेगळा आणि आंध्र प्रदेशातील तळ्यांतून बर्फाच्या पेट्यांत येणारा माल वेगळा, हे विकत घेताना विचारून घ्यावे, कारण पुढील काही उत्तरांत हा फरक महत्त्वाचा ठरतो.

रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे गोदावरीचे नव्हेत, ते उत्तरेकडील गंगेच्या खोऱ्यातले. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांचे प्रजनन यशस्वी केले. त्यानंतर त्यांचे बीज हवे तिथे तयार करता येऊ लागले आणि देशभरातील धरणांत सोडले जाऊ लागले. आज ज्याला आपण ‘आपला धरणाचा रोहू’ म्हणतो, तो अशा रीतीने आपला झाला आहे.

१०० ग्रॅम माशातून नेमके काय मिळते?

रोहू, कटला किंवा मृगळ यांच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात साधारण १६ ते २० ग्रॅम प्रथिने, १ ते ३ ग्रॅम स्निग्धांश आणि ९५ ते ११० किलोकॅलरी ऊर्जा असते. बाकीचे बहुतांश पाणी. याखेरीज फॉस्फरस, सेलेनियम, पोटॅशियम आणि ब गटातील जीवनसत्त्वे, विशेषतः ब-१२, ही चांगल्या प्रमाणात मिळतात. स्निग्धांशाचा आकडा माशाचे वय, ऋतू आणि खाद्य यांप्रमाणे बराच हलतो. सायप्रिनस पोसलेला असेल, तर त्यात ५ ग्रॅमहूनही अधिक चरबी सापडते.

कॅल्शियमच्या आकड्याबाबत मात्र सावध राहावे. जुन्या भारतीय तक्त्यांत रोहूचे कॅल्शियम १०० ग्रॅमला ६५० मिलिग्रॅम दिलेले आहे आणि तोच आकडा सगळीकडे उतरवला जातो. काटे बाजूला काढून खाल्लेल्या मांसात एवढे कॅल्शियम असू शकत नाही, कारण ते हाडांत असते. मोठ्या माशाचे काटे आपण ताटाच्या कडेला ठेवतो आणि कॅल्शियमही तिथेच राहते.

ही प्रथिने कोंबडी, अंडी किंवा डाळीच्या तुलनेत कशी आहेत?

वजनाला वजन धरले तर मासा कोंबडीच्या किंचित खाली किंवा बरोबरीला बसतो. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे रोहूचे १०० ग्रॅम मांस जवळजवळ तीन अंड्यांच्या तोडीचे झाले. कोरड्या तूरडाळीत २० ग्रॅमहून अधिक प्रथिने असली, तरी आपण खातो ती शिजलेली आणि पाणी घातलेली डाळ. वाटीभर वरणातून त्यातली थोडीच पदरात पडतात.

प्रमाणापेक्षा प्रत अधिक महत्त्वाची आहे. बाजरी, ज्वारी, तांदूळ आणि गहू या सगळ्यांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, तर माशात ते भरपूर असते. त्यामुळे बाजरीची भाकरी आणि माशाचे कालवण हे जेवण चवीला जमते त्याहून शरीराला अधिक जमते. शिवाय माशाच्या मांसात चिवट संयोजी ऊती फार थोड्या असतात. मटण शिजायला तास लागतो आणि मासा दहा मिनिटांत सुटतो, तो याच कारणाने. पचनालाही तो तितकाच हलका असल्यामुळे वृद्धांना आणि आजारातून उठलेल्यांना सोपा जातो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. जेवणात १०० ग्रॅम मासा असला की यातला तिसरा हिस्सा भागतो.

समुद्राचा मासा अधिक पौष्टिक असतो, हे खरे आहे का?

मुख्यतः दोन बाबतींत खरे आहे, बाकी बहुतेक बाबतींत नाही.

पहिली बाब ओमेगा-३ मेदाम्लांची. हृदय, मेंदू आणि डोळ्यांसाठी उपयुक्त असलेली ईपीए आणि डीएचए ही मेदाम्ले तेलकट समुद्री माशांत मुबलक असतात. बांगडा किंवा तारली हंगामात चांगली पोसलेली असेल, तर १०० ग्रॅममधून एक ग्रॅम किंवा त्याहून अधिक मिळू शकतात. रोहू किंवा कटल्यातून साधारण पाव ग्रॅम किंवा त्याहूनही कमी मिळतात. प्रौढ व्यक्तीला दिवसाला सरासरी २५० मिलिग्रॅम मिळावीत, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. आठवड्यातून दोनदा रोहू खाऊन ती पूर्ण होत नाही, पण त्यात आठवड्यातून एकदा बांगडा किंवा तारलीची भर घातली तर बरीचशी पूर्ण होते. हे दोन्ही समुद्रातले स्वस्त मासे आहेत. पापलेट किंवा सुरमईसाठी खिसा रिकामा करण्याची गरज नाही. जवसाच्या चटणीतही ओमेगा-३ असते, परंतु ते वनस्पतिजन्य स्वरूपात असते आणि आपले शरीर त्याचे डीएचएमध्ये फारच थोडे रूपांतर करते. गोड्या पाण्यातील मासे हे रूपांतर आपल्यापेक्षा कितीतरी चांगले करतात, म्हणून तर समुद्र न पाहताही त्यांच्या अंगात ही मेदाम्ले सापडतात.

दुसरी बाब आयोडीनची. समुद्राच्या पाण्यात आयोडीन असते, धरणाच्या पाण्यात जवळजवळ नसते. त्यामुळे केवळ नदीचा मासा खाणाऱ्या घराने आयोडीनयुक्त मीठच वापरावे.

प्रथिनांची प्रत आणि फॉस्फरस यांत मात्र गोड्या पाण्याचा मासा कुठेही कमी पडत नाही. ‘समुद्राचा तो खरा मासा’ हे म्हणणे चवीपुरते असेल तर त्यावर वाद नाही. मी स्वतःही बोंबलापुढे हार मानतो.

धरणातला मासा आणि तळ्यात पाळलेला मासा यांत फरक असतो का?

असतो, आणि तो मुख्यतः चरबीत असतो. धरणातला मासा शेवाळ, सूक्ष्म वनस्पती आणि कीटक यांवर वाढतो. तळ्यातल्या माशाला भाताचा कोंडा आणि भुईमूग किंवा सरकीची पेंड दिली जाते. या खाद्यावर तो लवकर वाढतो आणि चरबीही धरतो, परंतु त्या चरबीत ओमेगा-३ ऐवजी ओमेगा-६ या वेगळ्या मेदाम्लांचे प्रमाण वाढते. प्रथिनांत मोठा फरक पडत नाही. धरणाच्या माशाचे मांस घट्ट असते आणि चव उजवी असते, हा गिऱ्हाइकांचा अनुभव खरा आहे. मात्र तेवढ्यावरून पाळलेला मासा निकृष्ट ठरत नाही.

बारीक मासळी घ्यावी की मोठ्या माशाचे तुकडे?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता असे कोणी विचारले, तर मी याच प्रश्नाकडे बोट दाखवीन.

पावसाळ्याच्या सुरुवातीला इगतपुरी, त्र्यंबक आणि सुरगाण्याकडे ओढ्यांना पाणी आले की चढणीची मासळी धरली जाते. पुढे वर्षभर धरणांच्या काठावरच्या गावांत बारीक मासळी किलोवर न विकता वाट्यावर विकली जाते. सागाच्या पानावर किंवा ताटलीत बोटाएवढ्या माशांचा वाटा मांडलेला असतो. शहरातले गिऱ्हाईक ‘काटेच काटे’ म्हणून पुढे जाते आणि शेजारच्या पाटीतला रोहू तोलून घेते. पोषणाच्या हिशेबात हा सौदा उलटा आहे.

बारीक मासा आपण काट्यासकट, डोक्यासकट खातो. कढईत कुरकुरीत झालेला किंवा चिंचेच्या रश्श्यात मुरलेला बारीक काटा सहज चावला जातो, आणि मोठ्या माशाच्या ताटात वाया जाणारे कॅल्शियम इथे पोटात जाते. दूध न पिणाऱ्या किंवा दूध न सोसणाऱ्या माणसासाठी हा कॅल्शियमचा फार चांगला मार्ग आहे.

दुसरी गोष्ट अ जीवनसत्त्वाची. मोला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिमुकल्या माशावर बांगलादेशात बराच अभ्यास झाला आहे. त्याच्या १०० ग्रॅममध्ये २५०० मायक्रोग्रॅमहून अधिक अ जीवनसत्त्व आढळले आणि त्यातले बहुतेक डोळ्यांत आणि पोटातल्या भागात होते. रोहूच्या तुकड्यात याच्या पासंगालाही पुरेल एवढे नसते. सगळेच बारीक मासे मोल्याएवढे समृद्ध नसतात, परंतु डोके खुडून टाकून मासा साफ करण्याच्या पद्धतीत आपण काय गमावतो, ते यावरून कळते. पोट दाबून घाण काढावी, खवले मिठाने चोळून काढावेत, पण डोके राहू द्यावे. हीच मासळी उन्हात वाळवली तर अ जीवनसत्त्व जवळजवळ सगळे नष्ट होते. प्रथिने आणि कॅल्शियम मात्र टिकून राहतात.

रक्त कमी असेल तर मासा खाऊन ते वाढते का?

माशात १०० ग्रॅमला साधारण १ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते, म्हणजे फार नाही. परंतु ते शरीरात चांगले शोषले जाते, आणि त्याच जेवणातल्या भाकरी-पालेभाजीतले लोह शोषण्यासही मासा मदत करतो. ब-१२ च्या बाबतीत तो अधिक कामाचा आहे. १०० ग्रॅम चिलापी किंवा सायप्रिनसमध्ये सुमारे दीड मायक्रोग्रॅम ब-१२ असते आणि प्रौढाची रोजची गरज दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. रक्तक्षय निदान झालेला असेल, तर मासा औषधाच्या जोडीने खावा, औषधाऐवजी नव्हे.

आजारी माणसाला मरळच द्यावा, असे वडीलधारे सांगतात. त्यात तथ्य आहे का?

थोडे आहे. मरळाचे मांस पांढरे, घट्ट आणि कमी चरबीचे असते, आणि त्यात रोहूसारखे मांसात विखुरलेले, दोन फाट्यांचे बारीक काटे नसतात. तो हवेतूनही श्वास घेत असल्यामुळे बाजारात जिवंत मिळतो आणि ताजेपणाची खात्री त्यातच होते. अशक्त माणसाच्या ताटात मऊ, बिनकाट्याचा आणि ताजा मासा असावा, हा विचार अगदी रास्त आहे. मलेशियातही शस्त्रक्रियेनंतर आणि बाळंतपणानंतर मरळाच्या कुळातला मासा देण्याची रीत आहे आणि जखम भरण्याच्या संदर्भात त्याच्या अर्काचा अभ्यासही झाला आहे. तरी मरळाच्या प्रथिनांत काही जादू आहे असे समजून, परवडत नसताना दुप्पट दर देऊ नये. कटल्याचा पोटाकडचा तुकडा नीट काटे काढून दिला तरी रुग्णाचे काम होते.

हॉटेलात ‘बासा’ म्हणून मिळतो तो कोणता मासा?

बहुधा पंगस. त्याला काटे कमी, वास जवळजवळ नाही आणि तुकडे एकसारखे पडतात, म्हणून हॉटेलवाल्यांना तो सोयीचा वाटतो. प्रथिने रोहूपेक्षा थोडी कमी आणि ओमेगा-३ अत्यल्प. खाण्यास अपाय नाही. परंतु ‘मासा खाल्ला म्हणजे हृदयाला चांगले’ या समजुतीने पंगस खाणाऱ्याची, तोही मैद्यात घोळवून तळलेला, निराशा होईल.

मागूर खावा का?

देशी मागूर अवश्य खावा. तो बिनकाट्याचा आणि पौष्टिक असतो. थाई मागूर या नावाने मिळणाऱ्या आफ्रिकी जातीच्या संवर्धनावर मात्र भारतात २००० सालापासून बंदी आहे आणि २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्याचे साठे नष्ट करण्याचे आदेश दिले. तो देशी मासे फस्त करतो, आणि अनेक ठिकाणी त्याला कत्तलखान्यातील टाकाऊ अवशेषांवर वाढवले जात असल्याचे आढळले आहे. एक-दीड किलोहून मोठा, काळपट आणि संशयास्पद स्वस्त मागूर दिसला, तर न घेतलेला बरा.

माशाचे डोके, गाभोळी आणि पोटातले इतर भाग खावेत का?

डोके खावे. कटल्याचे डोके मोठे आणि चरबीदार असते. मेंदू आणि डोळ्यांभोवतीच्या चरबीत डीएचएचे प्रमाण बाकीच्या मांसापेक्षा अधिक असते. कल्ले मात्र काढून टाकावेत, कारण पाण्यातली सगळी घाण त्यांत अडकते.

गाभोळी प्रथिने, चरबी आणि ब-१२ यांनी समृद्ध असते, तसेच तिच्यात कोलेस्टेरॉलही मांसाच्या कितीतरी पट असते. निरोगी माणसाने हंगामात चार-दोनदा खाल्ली तर बिघडत नाही.

पित्ताशय मात्र कधीही खाऊ नये. हे वाक्य कृपया दोनदा वाचावे. मासळी कापणारी अनुभवी बाई पोट चिरल्यावर पहिल्यांदा काय करते ते पाहा. दोन बोटांनी ती हिरवट काळी, बोराएवढी पिशवी अलगद सोडवते आणि फुटू न देता बाजूला टाकते. फुटली तर ‘कडू झाला’ म्हणून तिथल्या तिथे पाणी मारते. गिऱ्हाइकाला वाटते की प्रश्न फक्त चवीचा आहे. प्रत्यक्षात गवत्या, रोहू आणि त्यांच्या कुळातील इतर माशांच्या पित्तात सायप्रिनॉल गटातले विषारी द्रव्य असते, आणि ते शिजवूनही नष्ट होत नाही. मधुमेह, सांधेदुखी किंवा नजर सुधारण्यासाठी माशाचे कच्चे पित्त गिळण्याचे घरगुती उपाय सांगितले जातात. असे पित्त घेतलेल्या माणसांना काही तासांत उलट्या-जुलाब आणि दोन-तीन दिवसांत यकृत व मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत वेळ आल्याच्या घटना भारतासह अनेक देशांत वैद्यकीय नोंदींत आहेत. कोणी पित्त गिळले असेल, तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. कापताना पित्त सांडलेच, तर मासा लगेच भरपूर पाण्याने धुवावा आणि हिरवट झालेला भाग कापून टाकावा.

धरणाच्या माशाला मातकट वास येतो. तो खराब असतो का?

नाही. तळाशी वाढणारे काही सूक्ष्मजीव आणि निळसर शेवाळ जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात आणि ते माशाच्या चरबीत साठते. पहिल्या पावसानंतर मातीला येणारा वासही याच द्रव्याचा. मातीला आला की आपण त्याचे कौतुक करतो आणि कालवणात आला की नाक मुरडतो! आम्लात हे द्रव्य मोडते. त्यामुळे हळद-मिठाबरोबर लिंबू, चिंचेचा कोळ किंवा आमसुलाचे पाणी लावून मासा पंधरा-वीस मिनिटे ठेवण्याची आपली जुनी रीत रसायनशास्त्राच्या कसोटीलाही उतरते. पोटाकडची काळी त्वचा आणि जादा चरबी काढली की वास आणखी कमी होतो.

कोणत्या पद्धतीने शिजवल्यास पोषण टिकते?

कालवण ही सर्वांत चांगली पद्धत आहे. ब गटातील जीवनसत्त्वे आणि काही खनिजे पाण्यात उतरतात, परंतु रस्सा भाकरीबरोबर खाल्ला जात असल्यामुळे ती वाया जात नाहीत. तव्यावर थोड्या तेलात परतलेला तुकडाही उत्तम. रवा किंवा बेसन लावून भरपूर तेलात तळलेला तुकडा मात्र तेल पितो, आणि दोन ग्रॅम स्निग्धांशाचा मासा ताटात येईपर्यंत दहा-बारा ग्रॅमचा झालेला असू शकतो. काळ्या मसाल्याच्या रश्श्यावर तरी किती सोडायची, हा ज्याच्या त्याच्या हाताचा प्रश्न आहे.

धरणाच्या काठावर सहलीला जाऊन निखाऱ्यांवर भाजलेला मासा बाहेरून करपतो आणि काट्याजवळ कच्चा राहतो. तो तसा खाऊ नये. गोड्या पाण्याच्या माशांत परजीवी असू शकतात, आणि कार्प म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातील माशांच्या कच्च्या मांसात ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे एक विकरही असते. पूर्ण शिजवल्यावर या दोन्हींचा प्रश्न उरत नाही.

गर्भवती स्त्रिया आणि लहान मुलांनी गोड्या पाण्याचा मासा खावा का?

होय, चांगला शिजवून. गर्भारपणाच्या दुसऱ्या तिमाहीत रोज सुमारे ९.५ ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत सुमारे २२ ग्रॅम जादा प्रथिने लागतात. ती भागवण्यास मासा फार सोपा आहे. रोहू, कटला, मृगळ हे अन्नसाखळीत खालच्या पायरीवरचे मासे असल्यामुळे त्यांत पारा साठण्याचा धोका कमी असतो. मरळ किंवा मोठा शिवडा हे दुसऱ्या माशांवर जगणारे आहेत, म्हणून ते अधूनमधून आणि मध्यम आकाराचे घ्यावेत. मुलांना सहा महिन्यांनंतर इतर वरच्या अन्नाबरोबर मासा कुस्करून देता येतो. काटे डोळ्यांनी शोधण्यापेक्षा बोटांनी चाचपून काढावेत. रोहूच्या शेपटीकडच्या तुकड्यात बारीक काटे अधिक असल्याने मुलांसाठी पोटाकडचा तुकडा निवडावा.

मासे खाऊन दूध प्यायल्याने कोड येते का?

येत नाही. त्वचेतील रंग तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्याने कोड येते आणि त्याचा या दोन पदार्थांशी संबंध असल्याचा पुरावा नाही. आयुर्वेदाने मासे आणि दूध यांना विरुद्ध आहार मानले आहे. ज्यांना ते पथ्य पाळायचे आहे त्यांनी पाळावे. बंगालात मात्र दह्यातला रोहू पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला जातो.

कोणी मासा टाळावा?

माशाची ऍलर्जी असलेल्यांनी पूर्णपणे टाळावा. ऍलर्जी देणारे प्रथिन शिजवूनही टिकते, त्यामुळे ‘नुसता रस्सा घेतो’ ही पळवाट चालत नाही. युरिक ऍसिड वाढलेल्यांनी प्रमाण कमी ठेवावे, विशेषतः दुखणे उसळलेले असताना. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

गोदावरीतला मासा खाणे सुरक्षित आहे का?

गोदावरी कुठली, यावर उत्तर अवलंबून आहे. गंगापूर धरण शहराच्या वरच्या अंगाला आहे आणि शहर मुख्यतः त्याचेच पाणी पिते. तिथला मासा आणि शहर ओलांडून नाल्यांचे, सांडपाण्याचे पाणी घेऊन पुढे गेलेल्या पात्रातला मासा यांना एकच मानता येणार नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे नांदूरमध्यमेश्वर हे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेले महाराष्ट्रातील पहिले स्थळ आहे, पण शहराकडून वाहत येणारी पानवेल म्हणजे जलपर्णीही तिथपर्यंत पोहोचते, हे काठावर उभे राहिले तरी दिसते.

सांडपाण्यातले जंतू उकळण्याने मरतात. कारखान्यांच्या पाण्यातले जड धातू मात्र धुऊन, तळून किंवा उकळून जात नाहीत. ते प्रामुख्याने यकृत, मूत्रपिंड आणि कल्ले यांत साठतात, तर पारा थेट मांसात उतरतो. म्हणून शहराच्या खालच्या पट्ट्यात, नाल्याच्या तोंडाशी किंवा फेस आलेल्या पाण्यात गळ टाकून धरलेला मासा खाऊ नये, आणि मासे मरून वर आले असतील तर ते फुकट मिळाले तरी घरी आणू नयेत. बारीक मासळी डोक्यासकट, काट्यासकट खाण्याचा सल्लाही स्वच्छ धरणाच्या किंवा डोंगराकडच्या ओढ्याच्या मासळीपुरताच समजावा. विक्रेत्याला ‘कुठला माल?’ असे विचारण्यात संकोच करू नये. रोजचा विक्रेता सहसा खरे सांगतो, कारण त्याला गिऱ्हाईक उद्याही हवे असते.

मासा ताजा आहे आणि त्याला फॉर्मेलिन लावलेले नाही, हे कसे ओळखावे?

डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, बोटाने दाबले की मांस पुन्हा वर येणारे आणि पोट न फुगलेले, एवढे पाहावे. फॉर्मेलिन लावलेल्या माशाची शंका उलट लक्षणांवरून येते. डोळे खोल आणि निस्तेज, पण मांस रबरासारखे ताठ; माशाचा वास नाही आणि उघड्यावर असूनही माशी बसत नाही, असा विरोधाभास दिसला तर तो माल सोडून द्यावा. मासे टिकवण्यासाठी फॉर्मेलिन वापरण्यास कायद्याने परवानगी नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने घरच्या घरी तपासणी करता येईल अशी कागदी पट्टी विकसित केलेली आहे. नाशिकमध्ये जिवंत किंवा त्याच पहाटे धरलेला मासा मिळू शकत असताना हा धोका पत्करण्याचे कारणच नाही.

पावसाळ्यात मासे खाऊ नयेत, असे का म्हणतात?

रोहू, कटला, मृगळ यांचा विणीचा हंगाम पावसाळ्यात असतो. अंडी देऊन मोकळा झालेला मासा रोडावतो आणि त्याच्या मांसातला स्निग्धांश घटतो. शिवाय गढूळ पाणी आणि दमट हवा यांमुळे मासळी लवकर नासते. समुद्रातही यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. आषाढ संपताच श्रावण पाळण्याची आपली रीत या सगळ्याशी सोयीची जुळते. आरोग्याच्या दृष्टीने ताजा आणि नीट शिजवलेला मासा पावसाळ्यातही चालतो. मात्र चढणीला लागलेले गाभोळीचे मासे ओढ्यात आडवे जाळे लावून सरसकट धरले, तर पुढच्या वर्षी वाट्यावर मांडायला मासळी उरत नाही.

चार माणसांच्या घराला किती मासा पुरेसा होतो, आणि उरलेला किती दिवस ठेवावा?

आठवड्यातून दोन वेळा मासा असावा. एक किलोचा रोहू साफ करून डोके, खवले आणि पोटातला भाग गेल्यावर खाण्याजोगे मांस साधारण अर्ध्या किलोच्या आसपास उरते. म्हणजे चौघांना प्रत्येकी शंभर-सव्वाशे ग्रॅम येते आणि एका जेवणासाठी ते पुरेसे आहे. कच्चा मासा फ्रीजमध्ये एक ते दोन दिवसच ठेवावा. त्याहून अधिक ठेवायचा असेल, तर आणल्याबरोबर धुऊन, एका जेवणापुरते तुकडे वेगवेगळ्या डब्यांत घालून उणे १८ अंशाला गोठवावा. त्यात तीन-चार महिन्यांत पोषणाची फारशी हानी होत नाही. बाहेर काढताना आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश वितळू द्यावा आणि एकदा वितळलेला मासा पुन्हा गोठवू नये.